आमच्या लेकरांसाठी एक माणूस नेमा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नागपूर
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नागपूर
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नागपूर
मा. अधिष्ठाता, मेडिकल रुग्णालय आणि मा. अधिष्ठाता, मेयो रुग्णालय



हे पत्र एकाच वेळी एवढ्या जणांच्या नावे लिहावं लागतं, यातच माझं अर्धं म्हणणं येऊन गेलं. माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस, म्हणजे ती नुसती वाहक नाही. ती आता नववीत आहे. तिचं मोठं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. घराजवळचा दवाखाना महापालिकेचा. लहान होती तेव्हा अंगणवाडीत तिचं वजन महिला व बालविकास विभाग करायचा, आता शाळेत तिची हजेरी शिक्षण विभाग घेतो. सिकलसेलचा कार्यक्रम सार्वजनिक आरोग्य विभाग चालवतो, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयाकडून, कार्ड दिव्यांग कल्याणकडून, आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये. आपल्यापैकी प्रत्येकाच्या दप्तरात तिचा एकेक तुकडा आहे. हे तुकडे जोडण्याचं काम मात्र कुणाच्याही टेबलावर नाही, ते आईच्या अंगावर आहे. ते काम कुणाला तरी नेमून द्या, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे.

नागपूरला हा आजार नवा नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये 1958 साली छापून आला होता. संपत रामटेके यांनी स्वतःच्या मुलाच्या आजारपणातून याच शहरात सिकलसेल सोसायटी उभी केली, वस्त्यावस्त्यांत लोकांना तपासणीसाठी तयार केलं, आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लहान मुलांना हायड्रॉक्सियुरिया कमी मात्रेत दिलं तरी दुखण्याचे झटके कमी होतात, यावर डॉ. दीप्ती जैन यांनी मेडिकलमध्ये अभ्यास केला. 11 डिसेंबर 2022 रोजी पंतप्रधानांनी मिहानमधलं एम्स देशाला अर्पण केलं, त्याच कार्यक्रमात चंद्रपूरचं हिमोग्लोबिनच्या आजारांचं संशोधन केंद्रही. पुढच्या वर्षी 1 जुलैला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, 0 ते 40 वयाच्या 7 कोटी लोकांची तपासणी करण्याचं आणि 2047 पर्यंत आजार संपवण्याचं उद्दिष्ट ठेवून. म्हणजे ज्ञान इथं आहे, डॉक्टर इथं आहेत, योजना आहेत. विदर्भातूनच नव्हे, छिंदवाडा, बालाघाट, शिवनीहून लोक लेकरं घेऊन नागपूरला येतात, ते या शहरावर विश्वास आहे म्हणूनच. मीही इथल्या डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही. माझी मुलगी आज शाळेत जाते ती त्यांच्यामुळे.

तरीही आमची लेकरं मधल्या फटीत पडतात. कशी पडतात ते जरा जवळून सांगते.

सिकलसेलचं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन पहिले काही महिने त्याला सांभाळून घेतं. सहा महिन्यांच्या आसपास ते ओसरतं आणि मग एक दिवस हातापायाची बोटं सुजतात, बाळ रडून रडून निळं पडतं. ज्या साध्या विद्राव्यता चाचणीने शिबिरांमध्ये तपासणी होते, ती इतक्या लहान बाळाला भरवशाची नाही, त्याला एचपीएलसीसारखी तपासणी लागते. आता बघा, बाळंतपणाच्या वेळी आईची तपासणी झालेली असते. ती वाहक आहे, एएस, हे तिच्या कागदावर लिहिलेलं असतं. पण तो कागद प्रसूती विभागाचा. बाळाचा कागद नवा निघतो, बालरोग विभागाचा किंवा लसीकरणाचा. आईच्या कागदावरची ती दोन अक्षरं बाळाच्या कागदावर उतरवणं कुणाचंच काम नाही. वडिलांची तपासणी तर बहुतेक वेळा झालेलीच नसते. मग त्या बाळाचं निदान पहिला तडाखा बसल्यावर होतं, कधी दुसरा, कधी तिसरा. आमच्या वस्तीत एका पोराला कितीतरी दिवस ‘संधिवात’ म्हणून मलम चोळत होते.

निदान झालं तरी वयाच्या पहिल्या पाच वर्षांत या मुलांचा जीव दोन गोष्टींवर टांगलेला असतो: जंतुसंसर्ग आणि पाणथरी. पाणथरीत अचानक रक्त साचतं, काही तासांत हिमोग्लोबिन खाली येतं आणि लेकरू पांढरंफटक पडतं. जमैकात 1973 पासून किंग्स्टनच्या प्रसूतिगृहात जन्मलेल्या बाळांची तपासणी करून डॉ. ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांनी आयांना एक साधी गोष्ट शिकवली: बाळाच्या डाव्या फासळ्यांखाली हात ठेवून पाणथरी कशी चाचपायची, आणि ती वाढलेली लागली तर थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. एवढ्यानं या कारणाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. मला हे एका सिस्टरने शिकवलं. तिची ती ड्यूटी नव्हती. वॉर्डात गर्दी होती, तरी तिने माझा हात धरून मुलीच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, “इथं बोटं ठेव, आता तिला श्वास घेऊ दे, काही टोचल्यासारखं लागलं का?” त्या दिवसापासून रोज सकाळी अंघोळीच्या वेळी मी तिचं पोट चाचपत आले. एकदा ती पाणथरी मला लागली आणि आम्ही वेळेत पोचलो. ही गोष्ट नशिबाने कळली म्हणून माझी मुलगी वाचली. शेजारच्या गल्लीतल्या आईला ती सिस्टर भेटलीच नाही तर?

औषधाचं घ्या. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची येते. लेकरू बारा किलोचं असलं तर त्याला दिवसाला साधारण त्याचा चौथा हिस्सा पुरतो. कॅप्सूलचा चौथा हिस्सा घरी कसा काढायचा? मी ज्या आयांना ओळखते त्यांतली एक कॅप्सूल उघडून पावडर वहीच्या पानावर ओतते आणि ब्लेडने चार ढीग करते. दुसरी ती चार चमचे पाण्यात कालवते आणि एक चमचा पाजते. दोघी उघड्या हातांनी. हे औषध असं हाताळायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, कारण डॉक्टर चिठ्ठी लिहितात, औषध खिडकीतून मिळतं, आणि खिडकीमागे रांग असते. हे औषध चालू असताना ठराविक काळाने रक्ताचा काउंट बघावा लागतो. तोही कुणी आठवण करून देत नाही. एका दवाखान्यात औषध संपलं की आम्हाला दुसरीकडे पाठवतात. दुसरीकडे म्हणतात, तुमची नोंद तिकडची, तिकडूनच घ्या. मधल्या आठवड्यांत डोस तुटतो. तो तुटल्याची नोंद कुठंच होत नाही. नोंद होते ती थेट लेकरू झटका येऊन भरती झाल्यावर.

शाळेत वेगळंच चालतं. या मुलांना सारखं पाणी प्यावं लागतं, रक्त घट्ट झालं की झटका आलाच. आणि सारखी लघवीला जावं लागतं, कारण या आजारात मूत्रपिंड पाणी धरून ठेवत नाही. नागपूरचा मार्च-एप्रिल आपल्याला माहीत आहे. माझ्या मुलीला तासाला बाटली उघडू देत नव्हते, बाथरूमला दोनदा विचारलं तर वर्गाबाहेर उभं करत होते. खेळाच्या तासाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, त्या रात्री तिचे दोन्ही पाय असे दुखले की चादरीचा स्पर्श सहन होईना. तिच्या सरांचा मी राग धरत नाही. त्यांना हे सांगणारं कुणी नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, तपासतं, संशयित मुलांची यादी करतं. पण आधीच निदान झालेल्या मुलाबद्दल शिक्षकांना चार ओळी लिहून देण्याचं काम त्या पथकाकडे नाही आणि रुग्णालयाकडेही नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत सिकलसेलच्या मुलांना तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. कितीतरी पालकांना हे परीक्षा होऊन गेल्यावर कळतं. एसटीत अशा रुग्णाला मोफत प्रवास आहे, तोही कित्येकांना ठाऊक नाही, आणि ते भाड्यासाठी उसनवारी करून काटोल, नरखेड, रामटेकहून येतात.

मी सिकलसेलचं सांगते, कारण तेच मी रोज जगते. पण रुग्णालयातल्या बाकांवर बसून मी इतर आयांशीही बोलले आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला फिट्सचं औषध एका विभागात, फिजिओथेरपी दुसऱ्या, कॅलिपर शिबिरात, बोलण्याचे उपचार तिसरीकडे. त्याच्या आईने प्रत्येक ठिकाणी जन्मापासूनची सगळी हकिगत पुन्हा सांगायची, ‘रडलं नव्हतं का जन्मल्यावर?’ या प्रश्नापासून. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, मिळेल तिथून. 2022 च्या मे महिन्यात याच शहरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं, त्यातलं एक दगावलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्याकडून अहवाल मागवला. त्या चौघांच्या आईवडिलांच्या जागी स्वतःला उभं करून बघा. दर काही दिवसांनी ज्या पिशवीने लेकराचा जीव टिकतो, तीच पिशवी त्याच्या जिवावर उठली. ज्या मुलाला अठरा वर्षांत शेकडो पिशव्या रक्त चढणार, त्याची प्रत्येक पिशवी कुठल्या पेढीची, तिची कुठली तपासणी झाली होती, हे एका जागी, एका वहीत, एका माणसाच्या जबाबदारीवर लिहिलेलं असायला नको का? एवढी साधी नोंद त्या मुलांचा हक्क आहे.

आता कायद्याकडे वळते, कारण मी नव्या काही गोष्टी मागते आहे असं वाटायला नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये आला. त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मानलं गेलं आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया पहिल्यांदाच त्यात बसले. याच कायद्याचं कलम 72 जिल्हा पातळीवर समिती नेमायला सांगतं. म्हणजे वेगवेगळ्या विभागांनी एका टेबलाभोवती बसण्याची सोय कायद्यानेच केलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याच्या आराखड्यात प्रत्येक जिल्ह्याला एक शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक यांच्याबरोबर सामाजिक कार्यकर्ता आणि व्यवस्थापक अशी पदं मंजूर आराखड्यातच आहेत. मुलाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवणं, त्याचा पाठपुरावा करणं, यासाठीच तर ती पदं होती. डिसेंबर 2022 मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. कागदावर सगळं आहे. म्हणूनच मला वाईट वाटतं.

माझी मागणी अशी आहे. जिल्ह्यात ज्या ज्या मुलाला सिकलसेल एसएस, थॅलेसेमिया मेजर, हिमोफिलिया, सेरेब्रल पाल्सी किंवा असाच आयुष्यभराचा आजार असल्याचं निदान होईल, त्या प्रत्येकाच्या नावासमोर एका माणसाचं नाव लिहिलं जावं. तो डॉक्टर असायची गरज नाही. सामाजिक कार्यकर्ता चालेल, चांगली अनुभवी परिचारिका चालेल, शिकवून तयार केलेली आशाताईसुद्धा चालेल, पण तिला त्याचा पगार द्या, मानधनावर आणखी एक ओझं टाकू नका. त्या माणसाचा फोन नंबर आईच्या कार्डावर असावा. मुलाची एक वही असावी, जी मेडिकल, मेयो, डागा रुग्णालय, एम्स आणि महापालिकेचा दवाखाना सगळे मान्य करतील आणि सगळे त्यात लिहितील. त्या वहीत लसी आल्या, न्यूमोकोकलची धरून. पेनिसिलीनची मात्रा आली. दोन ते सोळा वर्षांच्या दरम्यान दरवर्षी व्हायला हवी ती मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर आली, जिच्यामुळे अर्धांगवायूचा धोका आधी कळतो आणि जी आमच्यापैकी बहुतेकांच्या मुलांची कधीच झालेली नाही. तापाच्या वेळी काय करायचं ते ठळक लिहिलेलं असावं, म्हणजे रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत बसलेल्या नव्या डॉक्टरला ‘101 च्या वर ताप आहे, तिला पाणथरीचा त्रास आहे, थांबवू नका’ हे मला रडत सांगावं लागणार नाही. आणि शेवटच्या पानांवर शाळेसाठी चार ओळी असाव्यात, रुग्णालयाच्या शिक्क्यासह: पाणी, लघवी, ऊन-थंडी, खेळाची मर्यादा, परीक्षेतला जादा वेळ.

इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने असं केलंय. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा मिळून एकच आराखडा, आणि तो गरज असेल तर पंचवीस वर्षांपर्यंत चालतो. तिथंही पालक भांडतात, उशीर होतो, पैसे अपुरे पडतात हे मला माहीत आहे. पण भांडायला त्यांच्या हातात एक कागद आहे, ज्यावर तीन खात्यांची जबाबदारी एकत्र लिहिलेली आहे. आमच्या हातात तीस कागद आहेत.

पंचवीस वर्षांचा विषय निघाला म्हणून एक काळजी बोलून दाखवते, जी मला हल्ली झोपू देत नाही. माझी मुलगी मोठी होते आहे. बालरोग विभागाची वयोमर्यादा आली की तिला मेडिसिनकडे जावं लागेल. तिला जन्मापासून ओळखणारे डॉक्टर, तिला ‘बाळा’ म्हणणाऱ्या सिस्टर सुटतील. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. त्याच सुमाराला तिचं लग्न, तिचं कॉलेज, तिचं वसतिगृह असे प्रश्न येणार. उच्च शिक्षणात दिव्यांगांना 5 टक्के जागा आहेत, पण सरकारी नोकरीच्या 4 टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांचा उल्लेख नाही. तिला वाहक जोडीदाराबद्दल कोण समजावणार, गरोदरपणात हायड्रॉक्सियुरिया थांबवायचं असतं हे कोण सांगणार? हे एका दिवसात समजावता येत नाही. ज्या माणसाला तिची आधीची दहा वर्षं माहीत आहेत तोच हे हळूहळू बोलू शकतो. म्हणून मी जी नेमणूक मागते आहे, ती अठराव्या वाढदिवसाला तुटू नये. निदान वीस-एकवीसपर्यंत तरी दोन्ही विभागांच्या मध्ये तिचा हात धरणारं कुणी असावं.

या सगळ्याला पैसा लागेल, पण फार नाही. पदं आहेत, त्यातली किती भरलेली आहेत ते आपण आपल्याच कार्यालयातून एका दिवसात मागवू शकता. रिकामी असतील तर भरा. भरलेली असतील तर त्यांच्याकडून हेच काम करून घ्या, आकडे भरण्याचं नको. अवघड गोष्ट वेगळीच आहे. मेडिकल आणि मेयो एका विभागाचे, डागा दुसऱ्या, एम्स केंद्राचं, महापालिकेचे दवाखाने तिसऱ्यांचे, शाळा चौथ्यांच्या. यातल्या कुणालाही दुसऱ्याला आदेश देता येत नाही. म्हणून पत्रावर पहिलं नाव जिल्हाधिकाऱ्यांचं लिहिलं आहे. सगळ्यांना एका खोलीत बोलावण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, साहेब. कोरोनाच्या काळात आपल्या कार्यालयाने ते करून दाखवलं होतं. एका रात्रीत कुठल्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या आहेत ते साऱ्या शहराला कळायला लागलं होतं.

जिल्हास्तरीय दिव्यांग समितीची पुढची बैठक या एकाच विषयावर घ्यावी. सुरुवात सिकलसेलच्या मुलांपासून करावी, कारण त्यांच्या याद्या आधीच तयार आहेत आणि आजार या मातीतला आहे. उत्तर नागपूर आणि रामटेक असे एक शहरी, एक ग्रामीण भाग घेऊन सहा महिने करून बघावं. बैठकीला मेडिकल, मेयो, डागा, एम्स, महापालिकेचे आरोग्य अधिकारी, शिक्षणाधिकारी आणि महिला व बालविकासच्या अधिकाऱ्यांना बोलवावं, आणि आम्हा पालकांपैकी दोघांना बसू द्यावं. आम्ही कामावरून सुट्टी काढून येऊ. तारीख आठ दिवस आधी कळवावी, म्हणजे मुलांकडे बघायला घरी कुणाची तरी सोय करता येईल.

कळावे,
एसएस मुलीची आई
उत्तर नागपूर